मानधनावर घर चालतं का? (शिक्षणसेवक, तासिका, अंगणवाडी)

काळा_फळा (धागाकर्ता)

आधी आकडे, मग भांडण.

शिक्षणसेवकाला, म्हणजे मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकाला, पहिली तीन वर्षं प्राथमिकला महिना १६,००० रुपये मिळतात. माध्यमिकला १८,०००, कनिष्ठ महाविद्यालयात २०,०००. हे १ जानेवारी २०२३ पासून. त्याआधी ६,०००, ८,००० आणि ९,००० होते आणि ते कित्येक वर्षं जागचे हलले नव्हते. उच्च न्यायालयाने खडसावल्यावर हलले.

तीन वर्षं संपली की तोच माणूस, त्याच वर्गात, तीच बाराखडी शिकवत एस-१० या वेतनश्रेणीत जातो. मूळ वेतन २९,२००, वर महागाई भत्ता, घरभाडं. म्हणजे काम काय किमतीचं आहे हे सरकारला पक्कं माहीत आहे. फक्त पहिली तीन वर्षं ते मान्य करायचं नाही.

आता त्याच शाळेतला जुना शिपाई घ्या. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात त्याचं सुरुवातीचं मूळ वेतन १५,०००. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हा त्याचे २२,५०० झाले, घरभाडं वेगळं. शिक्षणसेवकाच्या १६,००० ला महागाई भत्ता लागत नाही. शिपायाला जास्त मिळतं म्हणून माझं पोट दुखत नाही, त्याला मिळायलाच हवेत. प्रश्न असा की गॅस, भाडं, एसटी सगळ्यांनाच महाग होत असताना एकाच आकड्याला भत्ता का लागू नये?

"शिक्षकांना पगार कमी आहे" असं सरसकट मी म्हणणार नाही. आयोगवाला शिक्षक आज बऱ्यापैकी जगतो. तो पगार कुणी दान दिलेला नाही. १९७७-७८ चा सरकारी कर्मचारी-शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप करणारी पिढी अजून आपल्यात आहे. पण त्या पगाराला एक दार आहे आणि दाराबाहेरची रांग वाढत चालली आहे. शिक्षणसेवक, तासावर पैसे मिळणारे तासिकावाले, सरकारकडून पगाराचा काही हिस्साच येणारे अंशतः अनुदानितवाले, इंग्रजी शाळांतल्या "मिस". काम यांच्याशिवाय अडतं, मग यांचं घर कोण चालवतं? माझं उत्तर: घरचेच. बापाची पेन्शन, नवऱ्याचा पगार, भावाची जमीन. ज्याच्या पाठीशी यातलं काही नाही, त्याला हा पेशा परवडतच नाही, मग तो कितीही चांगला शिकवो.

तुमचं काय मत?

---

नुस्ता_वाचक

चांगला धागा. शिपायाबद्दल एक भर. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयानंतर अनुदानित शाळांत शिपायाची नवीन नियमित भरतीच बंद आहे. जुना निवृत्त झाला की त्या पदाच्या बदल्यात शाळेला ठोक "शिपाई भत्ता" मिळतो. ग्रामीण भागात महिना ५,०००. एवढ्यात घंटा देणारा, झाडणारा, टपाल नेणारा माणूस आणायचा. म्हणजे तुमचा २२,५०० वाला शिपाई हा शेवटचा.

---

तासिकावाली

तासिका तत्त्वाबद्दल लिहायलाच हवं, कारण "तासाला अमुक रुपये" ऐकून लोकांना वाटतं, वा, काय मजा आहे.

तास म्हणजे फळ्यासमोर उभं राहिल्याचा तास. त्याच्या तयारीचे पैसे नाहीत. अंतर्गत परीक्षेच्या गठ्ठ्याचे नाहीत. नॅकची (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची) समिती येणार म्हटल्यावर आम्ही रात्री आठपर्यंत फायली लावतो, त्याचे तर नाहीतच. दिवाळीची सुट्टी शून्य, उन्हाळ्याची शून्य. पाऊस पडून कॉलेज बंद राहिलं, शून्य. विद्यार्थी निवडणुकीला, क्रीडा महोत्सवाला गेले आणि तास झाला नाही, शून्य. आठवड्याच्या तासांना वरून मर्यादा आहेच. आणि जे झालं त्याचं बिल प्राचार्य, मग सहसंचालक कार्यालय, मग कोषागार असा प्रवास करून येतं. जूनमध्ये शिकवलेल्याचे पैसे फेब्रुवारीत आले तर आम्ही एकमेकींना फोन करून सांगतो.

माझ्याकडे नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) आहे, पीएचडी आहे. घरमालकाने भाडेकराराच्या वेळी विचारलं, "मॅडम, सॅलरी स्लिप?" स्लिप नाही. नेमणुकीचं पत्र दाखवलं तर त्यात सत्र संपण्याची तारीख. करार शेवटी नवऱ्याच्या नावावर झाला. धागाकर्त्यांनी जे "घरचेच" लिहिलंय ना, ते इथे कागदावर दिसतं.

---

बाजारभाव

थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

डी.एड., बी.एड. कॉलेजं गल्लोगल्ली निघाली तेव्हा हे होणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. एका जागेला शंभर अर्ज आले की भाव पडणारच. नर्स परदेशी जाते म्हणून तिचा भाव थोडा तरी टिकतो. शिक्षक जाणार कुठे? आणि पैसा शेवटी करदात्याचा. आयोगवाल्यांना भरपूर, बाहेरच्यांना तुटपुंजं हे चूकच. पण त्याचं उत्तर आतल्यांचं थोडं कमी करून बाहेरच्यांना देणं हे आहे, आणि ते म्हणायची कुठल्याही संघटनेची हिंमत नाही. आहे का काळा_फळा साहेब?

समाजाला गरज आहे म्हणून पैसे जास्त मिळायला हवेत, हे भाबडेपण झालं. गरज पाण्याची सगळ्यात जास्त आणि भाव हिऱ्याला, हे अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय.

---

काळा_फळा

@बाजारभाव, राग कसला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हिंमत कमी आहे, खरं आहे. संघटना आतल्यांची आहे, वर्गणी आतले देतात. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये संप झाला, शाळा आठवडाभर बंद होत्या. तासिकावाल्यांसाठी असा संप मी पाहिलेला नाही.

पण बाजार म्हणताय, तर बाजार तरी कुठे आहे? गिऱ्हाईक एकच, सरकार. किती जागा उघडायच्या ते तेच ठरवतं. २ मे २०१२ पासून भरती बंद केली. शिक्षक अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, पुढची थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात माणसं निवृत्त होत होती, वर्ग रिकामे पडत होते, म्हणजे मागणी होतीच. ती दडपून ठेवली आणि मग म्हटलं, बघा, पुरवठा किती जास्त आहे!

शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ वाचा. शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. कलम योग्यच आहे, माझा पाठिंबा आहे. पण ज्याला ६,००० देत होता त्यालाही ते लागू होतं. पुरेसं देणार नाही आणि संध्याकाळी कमवूही देणार नाही, हा कुठल्या बाजाराचा नियम?

---

वकील_निवांत

कायद्याची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. लांबेल.

"निर्वाह वेतन" हा शब्द राज्यघटनेत आहे, अनुच्छेद ४३. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे अनुच्छेद ३७ मुळे त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. १९४८ च्या रास्त वेतन समितीने तीन पायऱ्या मांडल्या: तळाला किमान वेतन, मध्ये रास्त वेतन, वर निर्वाह वेतन. किमान म्हणजे माणूस आणि त्याची काम करायची ताकद टिकेल एवढं. निर्वाह म्हणजे मुलांचं शिक्षण, आजारपण, म्हातारपणाची थोडी तरतूद, थोडा मान. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं सूत्रही ठरवलं: कमावता माणूस, बायको, दोन मुलं मिळून तीन "खाणारी तोंडं", दर तोंडामागे २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीला एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. लक्षात घ्या, या हिशोबात म्हातारे आईवडील नाहीत. आपल्याकडच्या किती शिक्षकांच्या घरात ते नसतात?

आता गंमत. किमान वेतनाची तळाची पायरीही शिक्षकाला नव्हती. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात (सुंदरंबाळ खटला) सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याखाली "कामगार" नाही. कारण शिकवणं हे अंगमेहनतीचं, कारकुनी, तांत्रिक यांपैकी कुठल्याच प्रकारचं काम नाही, शिक्षक मुलांचं चारित्र्य घडवतो. १९९६ मध्ये हरियाणातल्या विनामान्यता शाळांच्या खटल्यात हाच तर्क किमान वेतन कायद्याला लावला. म्हणजे शाळा झाडणाऱ्या बाईला किमान वेतन मागता यायचं, शाळेत शिकवणाऱ्या बाईला नाही. इतकं उदात्त काम!

ग्रॅच्युइटीचंही तेच झालं होतं. २००४ मध्ये न्यायालयाने शिक्षकांना वगळलं, मग संसदेने २००९ मध्ये कायदा बदलून ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला, खासगी शाळा त्याविरुद्ध भांडल्या आणि २०२२ मध्ये हरल्या.

महाराष्ट्रात खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे, त्यात वेतनश्रेणी बांधलेली आहे. कागदावर. पण शाळा न्यायाधिकरणाकडे अपील जातं ते बडतर्फी, पदावनती, डावलणं याविरुद्ध. "मला पूर्ण पगार देत नाहीत" म्हणून तिथे जाता येत नाही. त्यासाठी शिक्षणाधिकारी, नाहीतर उच्च न्यायालयात रिट याचिका. १२,००० पगाराच्या बाईने रिट करायचं!

---

गणिताचा_तास

वकीलसाहेब, दंडवत. त्या "कागदावर"चा नमुना देतो. शाळेचं नाव विचारू नका.

मी होतो तिथे पगार बँकेत व्हायचा, अगदी नियमाप्रमाणे पूर्ण. पासबुक कुणालाही दाखवा, छाती फुगेल. नोकरीला लागतानाच पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर सह्या घेऊन ठेवलेल्या असायच्या. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी ऑफिसातला माणूस बँकेत जाऊन वरची रक्कम काढून आणायचा. आमच्या हातात उरायचा तिसरा हिस्सा. नंतर एटीएम आलं, मग कार्डं कपाटात. तपासणी आली की कार्डं वाटायची, तपासणी गेली की गोळा करायची. एका सरांनी कार्ड परत दिलं नाही. पुढच्या वर्षी त्यांचा विषय "अतिरिक्त" ठरला.

आयकर मात्र पासबुकातल्या आकड्यावर.

---

विश्वस्त_निवृत्त

मी एका छोट्या ग्रामीण संस्थेवर होतो. वरचं वाचून मान खाली जाते, असे लोक आहेत. पण सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका.

२००१ मध्ये सरकारने "कायम विनाअनुदानित" तत्त्वावर परवानग्या दिल्या. म्हणजे शाळा काढा, पैसे मागू नका. २००९ मध्ये त्यातला "कायम" शब्द काढला. अनुदानाचा पहिला २० टक्क्यांचा टप्पा प्रत्यक्ष यायला २०१६ उजाडलं. मधली वर्षं आमच्या शिक्षकांनी कशी काढली? एक जण सकाळी दूध घालायचा. दोघं सुट्टीत ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशोब लिहायचे. आम्ही फी घ्यायची म्हटलं तर शेतमजुराच्या पोराकडून किती घेणार? फी वाढवली की पोरगी शाळेतून काढतात, पोरगा राहतो. हे प्रत्यक्ष बघितलंय.

संस्थेला दोष द्या, पण शाळा हवी आणि पैसे नकोत हा निर्णय मंत्रालयात झाला.

---

तासिकावाली

काका, तुमच्या संस्थेचं मान्य. पण नेमणुकीच्या वेळी "विकासनिधी" घेणाऱ्या संस्थांबद्दलही बोला ना. प्राध्यापकाच्या जागेचा दर चाळीस-पन्नास लाख म्हणून उघड बोलला जातो. माझी एक मैत्रीण मुलाखतीला गेली, तिला विषयावर एकही प्रश्न आला नाही. "घरी शेती किती?" एवढंच विचारलं.

---

विश्वस्त_निवृत्त

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, ताई.

---

मदतनीसाची_लेक

सगळे शाळा-कॉलेजवर बोलताय, त्याआधी मूल कुठे असतं? अंगणवाडीत.

माझी आई मदतनीस आहे. मानधनात केंद्र सरकारचा वाटा ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला ४,५०० आणि मदतनीसाला २,२५०. वर राज्य भर घालतं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, तो जानेवारी संपत आला तेव्हा मिटला. त्या काळात गावातल्याच बायका आईला म्हणायच्या, "चार तासांचं तर काम तुमचं."

चार तास? सकाळी खोली झाडून पाणी भरायचं, पोरं घरोघरून आणायची, खिचडी, वजनं, गरोदर बायकांच्या भेटी, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंबरोबर फिरणं. सेविकाताईंना मोबाईलवर माहिती भरायची. सरकारने दिलेला फोन इतका अडकायचा की २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन परत नेऊन दिले. आमच्या ताई मग स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर भरत होत्या. निवडणूक आली की मतदार यादी, साथ आली की सर्वेक्षण.

पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. केंद्राच्या हिशोबात महिना १,००० रुपये, तेही वर्षाचे दहा महिने, २००९ पासून. राज्याने वर काही घातलं तरी एका माणसाचं भागणार नाही.

---

वकील_निवांत

@मदतनीसाची_लेक, तुमच्या आईला हे जरूर सांगा. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने (गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात) सांगितलं की अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे. मानद सेवा आहे, अर्धवेळ आहे, हा सरकारचा बचाव टिकला नाही.

आणि ऑगस्ट २०२५ चा गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा निकालही वाचण्यासारखा आहे. त्यांना महिना ३०,००० मिळत होते, त्याच कामाला नियमित माणसाला लाखाच्या वर. न्यायालयाने समान वेतन द्यायला सांगितलं आणि सुनावलं की समारंभात "गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू" म्हणत राहणं पुरेसं नाही.

मात्र हुरळू नका. मे २०१९ मध्ये बिहारच्या साडेतीन लाख "नियोजित" (पंचायतींमार्फत नेमलेल्या) शिक्षकांची हीच मागणी त्याच न्यायालयाने फेटाळली होती. तिथे राज्याची तिजोरी हा मुद्दा वजनदार ठरला. संख्या थोडी असेल तर न्याय स्वस्त पडतो, असं माझं खासगी मत.

---

बाजारभाव

शेवटचं वाक्य आवडलं. मीही तेच म्हणतोय, फक्त तुम्ही वकिली भाषेत म्हणालात. :)

कोऱ्या स्लिपांचं वाचून मात्र डोकं फिरलं. याला बाजार म्हणत नाहीत, याला खंडणी म्हणतात.

---

पहिली_नेमणूक

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. पवित्र पोर्टलवर (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ) जिल्हा परिषदेसाठी निवड झालीय, प्राथमिक, म्हणजे १६,०००. जिल्हा घरापासून लांब, रात्रीचा प्रवास. सध्या एका इंग्रजी शाळेत ११,००० मिळतात, पण घरी राहून. आई एकटी असते. नवीन ठिकाणी खोली, डबा, महिन्यातून एकदा येणं-जाणं धरलं तर हातात आत्तापेक्षा कमी उरतं. जावं की नाही? सासरचे (लग्न ठरलंय) म्हणतात, जा, सरकारी आहे. त्यांच्या खिशातून काही जात नाही.

---

गणिताचा_तास

जा.

हिशोब तीन वर्षांचा करू नका, तीन वर्षांनंतरचा करा. ११,००० वाल्या शाळेत तीन वर्षांनी १३,००० होतील. वयाची अट दरवर्षी जवळ येते आणि पुढची चाचणी कधी होईल ते ब्रह्मदेवालाही माहीत नाही.

खोली शाळेच्या गावात बघू नका, केंद्राच्या किंवा तालुक्याच्या गावी बघा. आधीच्या बॅचच्या दोघी-तिघी मिळून राहत असतात, भाडं वाटलं जातं. केंद्रप्रमुखांना फोन करा, ते सांगतात.

---

काळा_फळा

+१. आईंचं तेवढं बघा. शेजारी कुणी असेल तर किल्ली आणि डॉक्टरांचा नंबर देऊन ठेवा.

तुमच्या प्रश्नात माझा अख्खा धागा आला. निवड झालेली शिक्षिका, आणि नोकरी घ्यायला तिला स्वतःच्या पदरचे पैसे घालावे लागतायत.

---

पहिली_नेमणूक

सगळ्यांचे आभार. रुजू व्हायचं ठरवतेय. एकच विचारायचं राहिलं. पहिलं मानधन साधारण कधी निघतं? आदेशात तारीख नाही.

---

नुस्ता_वाचक

शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची सरकारी प्रणाली) आयडी मिळेपर्यंत निघत नाही. प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून वर जातो, एक कागद कमी असला की परत येतो. रुजू झाल्या दिवशीच पडताळणीची सगळी कागदपत्रं तीन प्रतींत द्या आणि पोच घ्या. तरी चार महिने धरून चाला. थकबाकी नंतर एकदम येते.

---

पहिली_नेमणूक

चार महिने. बरं. मग बी.एड.च्या कर्जाचे हप्ते पुढे ढकलता येतात का, ते उद्या बँकेत विचारून येते.